भाताचा टोप

त्या गावाच्या तोंडाशी एक पाटी आहे. पांढरा पत्रा, त्यावर काळ्या रंगात लिहिलंय की कुठल्याही पक्षाच्या पुढाऱ्यानं गावात पाऊल ठेवू नये. पुढारी म्हणजे त्यात मीही आले. डहाणूहून वाढवणच्या बाजूला जाताना समुद्राकडे उतरणारा एक छोटा रस्ता लागतो, तिथे ती पाटी. मी आधी नगराध्यक्ष होते, मग खासदार झाले, मग पडले. या सगळ्यात माझं जे जे गेलं ते परत मिळालं नाही तरी चालेल, इतकी आता दमलेय. पाठ गेली, गुडघे गेले, पोरगी माझ्या पाठीमागे कधी मोठी झाली ते कळलं नाही. पण त्या गावात पुन्हा उजळ माथ्यानं जाता यावं, एवढं मात्र मला मनापासून हवं होतं. शिवाय आमचा भाताचा टोप तिथेच राहिला होता.

टोपाचं कळायला आधी भात नेण्याचं कळायला हवं. माझं माहेर तलासरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर. तिथे कुणाच्या घरी मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या घरांनी भात आणि उडदाची डाळ रांधून न्यायची. घाटावरचे लोक याला कडू घास म्हणतात. आमच्याकडे नाव-बिव काही नाही, नुसतं 'भात नेला' म्हणतात. माझी आई भात न्यायची तेव्हा मी तिच्या पदराला धरून जायची. तिनं मला या कामाच्या रीती शिकवल्या आणि त्या मी आजवर मोडल्या नाहीत. टोप नेऊन चुलीपाशी ठेवायचा, 'घ्या, जेवा' म्हणायचं नाही. त्या घरात कुणाकडे काहीही मागायचं नाही, अगदी प्यायला पाणीसुद्धा नाही. निघताना 'येते' म्हणायचं नाही, गुपचूप उठायचं. आणि टोप कधी परत मागायचा नाही. सुतकाचे दिवस झाले की त्या घरचं माणूस स्वतः तो रिकामा आणून देतं, भरून कधीच नाही.

लग्न होऊन डहाणूला आले आणि बालवाडीत शिकवायला लागले, तरी सवय सुटली नाही. आमच्या आळीत, बाजारात, कुठेही मयत झालं की मी टोप घेऊन निघायची. ओळखीचं घर असो की नुसत्या तोंडओळखीचं. त्यात माझं मोठेपण काही नव्हतं, कारण भात मी रांधतच नव्हते. भात रांधायचे आमचे हे. ते चिकूच्या वखारीत कामाला होते, लहान-मोठी फळं वेगळी करून दिल्लीला जाणारी खोकी भरायचे. दुपारी घरी येऊन स्वयंपाक करायची त्यांना हौस होती आणि माझ्या हातचा भात कायम गिचका व्हायचा. कुणी गेल्याचं कळलं की ते मोठा टोप चुलीवर चढवायचे. ॲल्युमिनियमचा टोप, काठाला एक पोचा आलेला. लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात तो मीच जमिनीवर आपटला होता.

नगराध्यक्षपदाची सोडत निघाली ती आदिवासी महिलेसाठी. गावातल्या ज्या ज्या पुरुषांनी वर्षभर आधी झब्बे शिवून ठेवले होते, त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. मग शोधाशोध सुरू झाली, की अशी बाई आणायची कुठून, जिचे कागद तयार आहेत आणि जी आपलं ऐकेल. माझे कागद तयार होते. ऐकण्याचं त्यांनी गृहीत धरलं. आमच्या ओटीवर येऊन त्यांनी मला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की शेवटी हे आतून म्हणाले, आता उतरायला शिडी कोण देणार तेही विचारून घे. सगळे हसले. मीही हसले, आणि उभी राहिले.

प्रचारात मला बोलता यायचं नाही. बालवाडीतल्यासारखं बोलायची, एकेक शब्द सावकाश. मासळी बाजारात गेले तर तिथल्या बायका विळीवरून मान वर करेनात. त्यांच्यात एक मावशी होती. राहायची त्याच किनाऱ्यावरच्या गावात, पाटीवाल्या, पण रोज डहाणूच्या बाजारात मासळीची टोपली मांडायची. तिचं स्वतःचं मत आमच्या हद्दीत नव्हतंच, पण बाजार तिच्या शब्दावर चालायचा. तिनं मला नीट निरखून बघितलं आणि बाकीच्या बायकांना सांगितलं की माझी नणंद गेली तेव्हा हीच बाई भात घेऊन आली होती, आणि काही न मागता उठून गेली होती. आज मागायला आलीय तर देऊन टाका. एवढंच बोलून ती पुन्हा पापलेट कापायला लागली. मी निवडून आले ती त्या एका वाक्यावर, बाकी सभा आणि बॅनर सगळं डोंबल.

नगराध्यक्ष म्हणून माझी वर्षं बरी गेली. गटारं काढली, पाण्याच्या वेळा लावल्या, मासळी बाजारावर पत्रे घातले. लोक पहाटेच दार वाजवायचे, की नळाला पाणी आलं नाही. मी पण पदर खोचून जायची. गाव हातात मावेल एवढंच होतं. कुठे मयत झालं तर तासाभरात कळायचं आणि भात गरम असतानाच पोचायचा. नगराध्यक्षाच्या गाडीतून टोप न्यायची मला लाज वाटायची, म्हणून मी रिक्षानं जायची. मावशी म्हणायची, बाय, तू आपल्या पायानं येतेस तेवढं बरं करतेस.

मग पक्षाला वाटलं, ही बाई लोकसभेला चालेल. सीट राखीव, बाई लोकांना माहीत, आणि वरून गरीब दिसते. हे एवढंच म्हणाले की आमच्याकडे चिकू कच्चाच काढून दिल्लीला पाठवतात, वाटेत पिकतो. बघ, तुझंही तसंच होईल. मी चिडले होते त्या दिवशी. आज आठवलं की वाटतं, माणूस थट्टेत खरं बोलून गेला.

मतदारसंघ केवढा तो! इकडे समुद्र, तिकडे डोंगर, खाली पार मुंबईच्या कुशीतल्या इमारती. एका दिवसात मी इतक्या गावांत हात जोडायची की रात्री जेवताना हात आपोआप जुळायचे. पाड्यांवर आमच्याच लोकांना तारपा वाजवायला बोलावलेलं असायचं. वाजवणारा म्हातारा प्रत्येक पक्षाला तोच तारपा वाजवून दमलेला. मी त्याच्याकडे बघायची, तो माझ्याकडे बघायचा. आम्हां दोघांना एकमेकांची दया यायची.

आणि माणसं मरतात तर रोजच. आज मोखाड्याला कुणी गेलं, उद्या वसईला. कार्यकर्ते यादी घेऊन यायचे, इथे जायलाच हवं, तिथे गेलं नाही तर गावाला राग येईल. आणि मयताच्या घरून उठलं की आंघोळ केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, ही आमची रीत. प्रचारात रोज तीन-तीनदा आंघोळ कोण करणार? कुठे विहिरीवर बाया पदर धरून आडोसा करायच्या आणि मी डोक्यावरून पाणी घ्यायची. कार्यकर्ते घड्याळ बघत उभे. माझ्या ओल्या केसांचे फोटो पेपरात आले, खाली लिहिलं की उमेदवार घामाघूम.

तालुक्याच्या अध्यक्षाला यावर एक युक्ती सुचली. हा माणूस वाईट नाही, हे आधी सांगते. पळणारा, रात्रंदिवस फोनवर, फक्त कुठे थांबायचं ते कळत नाही. त्यानं जेवणाची पाकिटं करवून घेतली. कुठेही मयत झालं की पन्नास पाकिटं पुलाव त्या घरी पाठवायचा. आणि प्रत्येक पाकिटावर स्टिकर. स्टिकरवर माझा फोटो, हात जोडलेला आणि तोंडभर हसणारा. खाली लिहिलेलं, आपल्या दुःखात सहभागी. पहिलं पाकीट दाखवायला तो आमच्या घरी आला तेव्हा हे तिथेच होते. उभ्या आयुष्यात ज्या माणसानं आवाज चढवला नव्हता, त्यानं ते पाकीट उचलून अंगणात भिरकावलं. म्हणाले, मेलेल्याच्या दारात दात काढून उभी राहणार का तू? पाकिटं बंद झाली. स्टिकरांचे गठ्ठे तसेच पडून राहिले.

तर अशी मी निवडून आले. दिल्ली मोठी, घर मोठं, बाथरूम तर आमच्या बालवाडीएवढं. तिथे कुणी दार वाजवायचं नाही. पहाटे मला जाग यायची आणि वाटायचं, नळाला पाणी आलं असेल ना गावात? इकडे फोन लावायची. लोक मात्र मला तिथेही गटाराचंच सांगायचे. खासदाराचं ते काम नाही हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. त्यांचंही बरोबर होतं, त्यांनी मला गटारासाठीच ओळखलं होतं.

आणि मग बंदर. वाढवणला बंदर होणार म्हणून किनाऱ्यावरचं गावन् गाव पेटलेलं. मासेमारी जाईल, गाव जाईल, ही त्यांची भीती, आणि ती मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. मत मागायला गेले तेव्हाच मावशीच्या ओटीवर सगळ्यांसमोर बोलले होते, की दिल्लीत तुमचं म्हणणं मांडीन. मांडलं. सभागृहात प्रश्न विचारला, त्याला छापील उत्तर आलं, त्यात मला हवं ते काहीच नव्हतं. पक्षाच्या बंद दाराआडच्या बैठकीत उभी राहून बोलले, की माझी माणसं बुडतील. एकानं मला पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि पुढचा विषय सुरू झाला. त्यानंतर माझ्यापर्यंत माईक फिरकला नाही. आता मला लोक विचारतात, राजीनामा का नाही दिला? देऊन काय झालं असतं, सांगा ना! दुसरं कुणी येऊन तिथे बसलं असतं, ज्याला ते गाव नकाशावर दाखवायला लागलं असतं. मला तेव्हा असं वाटलं, आणि अजूनही तसंच वाटतं.

त्याच सुमारास मावशीचा नवरा गेला. म्हातारा होता, बरीच वर्षं होडीवर जात नव्हता, अंगणात बसून जाळी सांधायचा. मी त्या दिवशी नेमकी घरी होते. ह्यांनी टोप चढवला. आम्ही दोघंही गेलो, रिक्षानं. चुलीपाशी टोप ठेवला, बायकांत जाऊन बसले. मावशी रडत नव्हती, भिंतीला टेकून समुद्राकडे बघत होती. मग 'येते' न म्हणता उठलो.

आणि दिवस पुरे व्हायच्या आधीच तो फोटो फिरला. मुंबईला कसलासा मोठा मेळावा होता. व्यासपीठावर खुर्च्या, खुर्च्यांवर नावं चिकटवलेली, मी माझ्या नावावर जाऊन बसले. मागे केवढा तरी पडदा होता, त्यावर बंदराचं चित्र, क्रेना आणि जहाजं. मला मागचं दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी मी उठून गेले असते का, ते मला सांगता येत नाही. फोटोत मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढे मी, मागे बंदर. गावातल्या प्रत्येक मोबाईलवर तो गेला, आणि त्या आठवड्यात ती पाटी लागली.

मी फोन केला तर मावशीनं उचलला नाही. बाजारात गेले तर तिनं माझ्याकडे पाठ करून बर्फ फोडायला घेतला. बाजूची बाई म्हणाली, आज मासळी संपली. समोर टोपलीभर बोंबील होते. मी म्हणाले, बरं, आणि परत आले. एवढ्या निवडणुका लढले, एवढ्या शिव्या खाल्ल्या, तोंडावर काळं फासायला आलेली माणसं बघितली. पण त्या भरल्या टोपलीसमोरून रिकाम्या हातानं परत येताना जे झालं, तसं कधी झालं नव्हतं.

टोप अर्थात आला नाही. तो मागायचा नसतो. हे मधूनमधून विषय काढायचे. दुसऱ्या टोपात भात करपला की म्हणायचे, खासदारीणबाई, दिल्लीहून सगळं आणाल, माझा टोप तेवढा आणून दाखवा. मी म्हणायची, बाजारातून नवीन आणा ना, मेला टोप तो. त्यांनी कधी आणला नाही. त्यांचं म्हणणं असं की टोप परत येईपर्यंत त्या घराशी आपलं काहीतरी आहे. टोप आला की संपलं. मला ते पटायचं नाही. मला वाटायचं, मावशीनं तो टोप समुद्रात फेकला असणार.

पुढच्या निवडणुकीत मी पडले. पडणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण पक्षाला दुसरं कुणी मिळेना आणि मला नाही म्हणता येईना. मोजणीच्या ठिकाणी सकाळी माझ्याभोवती एवढी गर्दी की श्वास घेता येईना. दुपारी पाणी मागायला बघितलं तर बाजूला फक्त हे. बाकीचे कुणाच्या गुलालाला गेले ते त्यांनाच ठाऊक. गरज सरो, वैद्य मरो. त्या किनाऱ्यावरच्या गावानं तर मतदानच केलं नव्हतं. हे म्हणाले, चला, घरी आज कढी करतो. आम्ही एसटीनं घरी आलो. गाडी पक्षाची होती.

मग चार-साडेचार वर्षं फार छान गेली, आणि ती छान आहेत हे मला तेव्हा कळलंही. सकाळी मी अंगण झाडायची, हे वखारीत जायचे. दार वाजलं तर दूधवाला असायचा. कुणी मयत झालं की आम्ही दुसऱ्या टोपातला भात घेऊन जायचो, पुन्हा रिक्षानं, पुन्हा शेजारीपाजारी. लोक म्हणायचे, ताई, आता कशाला येता? म्हणजे मी आजवर मतासाठी येत होते, असं त्यांना वाटायचं. वाटू दे. किती जणांना समजावत बसू?

या हिवाळ्यात हे गेले. पोटात जळजळतंय म्हणून सकाळी ओवा खाल्ला, वखारीत गेले, तिथून त्यांना दवाखान्यात नेलं. मी पोचेपर्यंत संपलं होतं. बोटांना चिकूचा चीक तसाच होता. मी तो ओल्या फडक्यानं पुसत बसले, निघेना. खोबरेल लावल्याशिवाय निघत नाही तो, रोज संध्याकाळी मीच लावून द्यायची.

घरी माणसांचा पूर आला. खासदार असताना आला नव्हता एवढा. दारात नुसत्या चपलाच चपला. पोरगी पुण्याहून येऊन माझ्याजवळ बसली होती. चूल थंड होती, आणि मला सारखं वाटत होतं की आता कुणी टोप चढवायला हवा, आणि ज्यानं चढवायचा तोच तर ओटीवर निजलाय. अंत्ययात्रा गेली. पुरुष परत आले. आंघोळी झाल्या.

तेवढ्यात तालुक्याच्या अध्यक्षाची गाडी आली. मागून दोन माणसांनी खोकी उतरवली, जेवणाची पाकिटं. पोरीनं एक पाकीट माझ्यासमोर आणून ठेवलं आणि तिचा हात तसाच थांबला. पाकिटावर मी होते. हात जोडलेली, तोंडभर हसणारी, आपल्या दुःखात सहभागी. जुन्या गठ्ठ्यातले स्टिकर उरले असणार, लावणाऱ्यानं न बघता लावले असणार. माझाच नवरा गेलेला आणि माझ्याच दारात मी दात काढून उभी. हे असते तर पहिल्यांदा भिरकावलं तसं भिरकावलं असतं, आणि नंतर पोट धरून हसले असते. मला दोन्ही जमलं नाही. मी ते पाकीट उलटं करून ठेवलं.

अध्यक्ष जवळ येऊन बसला. डोळे पुसले, त्यातलं पाणी खरं होतं. त्याला ह्यांच्या हातची कढी फार आवडायची. मग त्यानं आवाज खाली आणला. म्हणाला, आत्ता बोलायची वेळ नाही, पण वरून निरोप आहे. या वेळी लोकांच्या मनात तुमच्याबद्दल हळहळ आहे. ताई, आत्ता उभं राहिलात तर कुणी पाडू शकत नाही. मी त्याच्याकडे बघितलं. मयताच्या घरी काही मागायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलंच नसेल का? मला राग यायला हवा होता. पण इतकी दमले होते की रागसुद्धा उठून बसेना. मी म्हणाले, पाकिटांवरचे फोटो काढून मग वाटा.

तेव्हाच बाहेर एक रिक्षा थांबली. आत शिरली ती मावशी. तिच्यामागे बाजारातल्या चार-पाच बायका. बाकीच्या गर्दीनं आपोआप वाट दिली, कारण मावशीच्या डोक्यावर टोप होता. वरून फडकं बांधलेलं. तिनं कुणाकडे बघितलं नाही. सरळ आत गेली, चुलीपाशी खाली बसली, टोप उतरवून ठेवला, फडकं सोडलं. वाफ आली. भात होता, आणि वाटीनं झाकलेली डाळ. मी आत गेले. टोपाच्या काठाला पोचा होता.

मी खाली बसले. हात लावून बघितला, माझ्या हातून आलेला तो पोचा. आणि मग मला रडू आलं, तोवर आलं नव्हतं. मावशी थांबली. माझं रडून होईपर्यंत ती भिंतीला टेकून बसली, मागे तिच्या घरात बसली होती तशीच. मग म्हणाली,

"मत नाय देनार आमी, बाय. भात खा."

एवढंच. बायका उठल्या. कुणी 'येते' म्हटलं नाही. ओटीवर अध्यक्ष पोरीला विचारत होता, या कुठल्या गावच्या बायका, तिथलं वातावरण निवळलंय का? पोरीनं त्याला काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी पोरीला हाक मारून आत बोलावलं आणि आम्ही दोघींनी त्या टोपातला भात खाल्ला. मीठ जरा जास्त होतं, किनाऱ्यावरचे लोक घालतात तसं. भात मोकळा होता. ह्यांना आवडला असता.

खाता खाता माझ्या डोक्यात आलं. टोप आमचा आहे, पण तो भरून आलाय. म्हणजे आता भात नेणारी ती आणि मयताचं घर माझं. दिवस झाले की टोप रिकामा परत नेऊन द्यायला मला जावंच लागणार. त्यात माझी इच्छा विचारायचा प्रश्न नाही आणि गावाच्या परवानगीचाही नाही. ती रीतच आहे. मावशीला भात दुसऱ्या कुठल्याही भांड्यात आणता आला असता. घरात भांड्यांना तोटा नव्हता तिच्या. नाहीतर तिच्या नवऱ्याचे दिवस झाले तेव्हाच आमचा टोप रिकामा देऊन टाकता आला असता, म्हणजे हिशेब मिटला असता. तिनं तो एवढी वर्षं ठेवला होता.

दिवस झाल्यावर वरून पुन्हा फोन आला. मी म्हणाले, दुसरं कुणी बघा, मी थकले. पलीकडचा माणूस म्हणाला, विचार करा. मी म्हणाले, तो झाला. मग टोप घासला, पुसला, आणि रिक्षा केली.

रस्ता समुद्राकडे वळतो तिथे मी रिक्षा सोडली. पाटी होती तिथेच, काळी अक्षरं नव्यानं रंगवलेली. पाटीखाली दोन बाप्ये बसले होते. त्यांनी मला ओळखलं, त्यातला एक उठून उभाही राहिला. मग त्यानं माझ्या हातातला रिकामा टोप बघितला. तो बाजूला झाला. मी पाटीखालून चालत गेले. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, कुत्री, नळावरच्या बाया. कुणी हसलं नाही, कुणी तोंडही फिरवलं नाही.

मावशी अंगणात जाळ्याच्या दोऱ्या गुंडाळत होती. मी टोप तिच्या ओटीवर ठेवला. तिनं तो उचलला, आत नेला, आणि चुलीच्या बाजूला उपडा घातला. हा टोप आमचा, असं मी म्हणाले नाही, तिनंही तो विषय काढला नाही. तिनं चहा केला. आम्ही चहा प्यायलो. बंदराचं काय चाललंय ते तिनं सांगितलं, आणि मी ऐकलं. माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं, हे दोघींना माहीत होतं.

ऊन कलल्यावर मी उठले. तिच्या घरी आता सुतक नव्हतं, माझ्याही नव्हतं. उंबऱ्यावर पाय ठेवून मी मागे वळून म्हणाले,

"येते, मावशी."

ती दोरी गुंडाळतच होती. मान वर न करता म्हणाली,

"ये."